वरठीच्या रुळांवरून कल्याणला

आमच्या वरठीचे स्टेशन भंडारा रोड. कवी नारायण वामन टिळक १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला निघाले ते याच मार्गाने. डब्यातल्या एका अनोळखी युरोपियन प्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. दोन वर्षांनी टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांची ती हकीकत वाचल्यापासून एक प्रश्न मनात घर करून होता: ख्रिस्ती धर्म आपल्या मुलखात पहिल्यांदा आला कुठे? त्यासाठी मी विदर्भ एक्सप्रेसने कल्याण गाठले.

खाडीकाठी जुन्या ख्रिस्ती वस्तीचे पाहण्यासारखे काहीच नाही. क्रूस नाही, पडका चौथराही नाही. तरीही तिथून पाय निघेना. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा कॉसमस हा व्यापारी, जो पुढे मठवासी झाला, लिहून गेला आहे की ‘कल्लियाना’ बंदरात इराणहून नेमलेला बिशप असतो. बहुतेक अभ्यासक ते आपले कल्याणच मानतात. बिशप होता म्हणजे मंडळी होती, प्रार्थना होती, लग्नेमर्तिके होती. आपण मात्र ख्रिस्ती धर्म पोर्तुगीजांनी आणला असे सहज बोलून जातो. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ मध्ये, म्हणजे कॉसमसनंतर जवळजवळ साडेनऊशे वर्षांनी! त्याआधी हा धर्म इथे तोफांशिवाय आला होता, तांब्या-कापडाच्या व्यापाऱ्यांसोबत, आणि इथल्या राजांच्या राज्यात नांदला होता.

ठाण्याची नोंद याहून जिवंत आहे. १३२१ मध्ये तिथे चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. ते उतरले होते एका नेस्टोरियन, म्हणजे इराणकडच्या मंडळीच्या परंपरेतल्या, ख्रिस्ती कुटुंबाकडे. पुढे आलेल्या ओडोरिक या फ्रान्सिस्कन साधूने शहरात अशी पंधरा घरे असल्याचे लिहिले आहे. मला त्या हुतात्म्यांइतकीच ती पंधरा घरे महत्त्वाची वाटतात. परक्या पाहुण्याला ओसरी देणारी ती माणसे ठाणेकरच होती. साधूंचे देह जॉर्डानस या त्यांच्या सोबत्याने वसईजवळच्या सोपारा बंदरात नेऊन पुरले. त्याच सोपाऱ्यात बौद्ध स्तूप आहे, अशोकाचा शिलालेख सापडला आहे. एकाच बंदराने किती श्रद्धांना जागा दिली!

दगड उरला नाही म्हणून माणसे नव्हती असे होत नाही. शाळांच्या सहली वसईच्या किल्ल्यातली पोर्तुगीज चर्च पाहून परततात. शिक्षकांनो, जाता-येता मुलांना कल्याणच्या खाडीवर आणि सोपाऱ्यालाही न्या, आणि पोर्तुगीजांच्या आधीचे हे ख्रिस्ती शेजारी आपलेच होते, हे त्यांना तिथे उभे करून सांगा.