रिकीब, मांड आणि लगाम

मराठी बोलणाऱ्या घरात घोडा कधी बांधलेला नसला, तरी घोड्याचे सामान मात्र भरपूर असते. निरुपयोगी माणसांची गर्दी झाली की आपण तिला खोगीरभरती म्हणतो. मूल फार बोलू लागले की जिभेला लगाम घालायला सांगतो. काम अडले की आपले घोडे पेंड खाते, आणि वेळ टळून गेल्यावर केलेला खटाटोप वरातीमागून निघालेले घोडे ठरतो. राऊत, शिलेदार, पागे, पागनीस ही आडनावे बडोदे, इंदूर, ग्वाल्हेरपर्यंत पसरलेली आहेत. आमच्या सिल्वासात मराठी घराला शेजार गुजरातीचा आणि मुलांची शाळा बहुधा इंग्रजी. तरी हे शब्द येथेही बोलण्यात असतात. पण खोगीर म्हणजे नेमके काय आणि त्यात भरती कशाची करीत, हे आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल?

हा प्रश्न माझ्यापुढे उभा केला तो माझ्या नातीने. एका उन्हाळ्यात तिचे नाव पुण्याजवळच्या एका शाळेत इंग्रजी पद्धतीची घोडेस्वारी शिकण्यासाठी घातले होते. तिचे आईवडील दोघेही नोकरीत, म्हणून मी सिल्वासाहून गेले आणि वीस दिवस रोज सकाळी रिंगणाच्या कुंपणाशी बसले. नातीला मराठी समजते; बोलताना मात्र ती अडखळते, आणि अडखळली की इंग्रजीकडे वळते. त्यामुळे आम्हा दोघींचे बोलणे वर्षागणिक कमी होत चालले होते. जेवलीस का, अभ्यास झाला का, यापलीकडे ते जाईना. परप्रांतात राहणाऱ्या आजीआजोबांना हे दुःख मी निराळे सांगायला नको.

शिकवणारे गृहस्थ निवृत्त रिसालदार होते. पहिल्या दिवशी त्यांनी कोणालाही घोड्यावर बसू दिले नाही. जनावराजवळ डाव्या खांद्याच्या बाजूने, त्याला दिसेल असे आणि हळू बोलत जायचे. मागून कधीही जायचे नाही, कारण घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि अगदी पाठीमागचे त्याला दिसत नाही. मग खरारा, मग खुरांतली माती काढणे, मग पाठीवर घडी, तिच्यावर जीन, आणि पोटाखालून तंग. तंग आवळताना पुष्कळ घोडे पोट फुगवून धरतात, म्हणून वर बसण्यापूर्वी तो पुन्हा एकदा तपासायचा. हे सारे रिसालदारसाहेब इंग्रजी नावांनीच सांगत: सॅडल, गर्थ, स्टिरप, ब्रायडल. संध्याकाळी नात ते शब्द मला म्हणून दाखवी आणि मी तिच्या वहीत समोर जीन, तंग, रिकीब, लगाम असे लिहून देई. खोगीर म्हणजे चिंध्या कोंबून केलेली जाड गादी, हे सांगितल्यावर खोगीरभरतीचा अर्थ तिचा तिलाच कळला आणि ती मनापासून हसली. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई तो शिलेदार, आणि सरकारी पागेतल्या घोड्यावर बसे तो बारगीर, हेही मी सांगितले. "म्हणजे आजी, मी बारगीर!" ती म्हणाली. घोडा शाळेचाच होता, तेव्हा हुद्दा अगदी बरोबर होता.

पुढचे दिवस चालींचे. कदम चालीत घोड्याचे चारही पाय एकामागून एक पडतात, चार ठोके ऐकू येतात. दुडकीत तिरप्या जोडीचे दोन पाय एकदम पडतात, म्हणून ठोके दोन, आणि प्रत्येक ठोक्याला स्वाराला हिसका. तो चुकविण्यासाठी इंग्रजी पद्धतीत एका ठोक्याला जिनावरून किंचित उठायचे व दुसऱ्याला अलगद बसायचे. रिंगणात फिरताना बाहेरच्या बाजूचा पुढला पाय पुढे जाईल तेव्हा उठायचे, असा नेम आहे. त्यानंतरची चाल कँटर. तिचे ठोके तीन. भरधाव सुटलेल्या घोड्याचे पुन्हा चार.

कँटरला प्रतिशब्द शोधायचा हट्ट मी धरला नाही. कँटरबरीच्या यात्रेला जाणारे लोक ज्या सुखाच्या चालीने घोडे नेत, तिच्यावरून हे नाव पडले असे सांगतात. इंग्रजांच्या यात्रेचा शब्द आपल्या वहीत राहिला म्हणून काय बिघडले? जीन, लगाम, रिकीब, तंग हे शब्द तरी मूळचे आपले कोठे होते? ते फारसी-अरबीतून आले, मराठी स्वारांनी रोज वापरले, म्हणून मराठी झाले. त्यांच्यावर म्हणी बसल्या आणि आडनावे उगवली. भाषेत परका शब्द आल्याने भाषा मरत नाही. हातातले काम गेले की त्या कामाचे शब्द म्हणींच्या कोनाड्यात जाऊन बसतात.

अकराव्या दिवशी वाऱ्याने कुंपणावरचे एक फडके फडफडले आणि दुडकीत चाललेली घोडी एकदम बाजूला सरली. नात एका अंगाला कलली. "मांड सोडू नकोस!" मी कुंपणापलीकडून ओरडले. ती पडली, पण वाळूवर आणि डोक्यावर शिरस्त्राण असताना. गुडघा खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. रिसालदारसाहेबांनी तिला लगेच पुन्हा वर बसविले. घोडी तिला घेऊन शांतपणे फिरू लागली तरी माझी छाती धडधडतच होती.

त्या संध्याकाळी तिने आपण होऊन विचारले, "आजी, मांड म्हणजे काय?" मांडीची पकड, असे मी सांगितले. दुसऱ्या दिवशी तिने ते रिसालदारसाहेबांना सांगितले, तेव्हा त्यांनी त्यात भर घातली. गुडघ्यांनी घोडा आवळून धरला, तर ती पकडच स्वाराला वर उचलते. मांड पक्की होते ती वजन खाली सोडल्याने. कान, खांदा, कंबर आणि टाच एका रेषेत, टाच रिकिबीखाली झुकलेली, नजर जायचे त्या दिशेला. घोड्याशी बोलायचे ते प्रथम बैठकीने, मग पायांनी. लगामाचा क्रम शेवटचा, कारण त्याची कडी घोड्याच्या तोंडात असते आणि प्रत्येक हिसका तेथे दुखतो. म्हणूनच त्यांनी मुलांना पहिला आठवडाभर लांब दोरीवर, लगाम हाती न देता फिरविले होते. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धांत ड्रेसाज या प्रकारात भारताच्या संघाने सुवर्णपदक मिळविले. त्या चौघांत इंदूरची सुदीप्ती हजेला होती. त्या प्रकाराचे सारे मर्म हेच की, स्वाराची खूण घोड्याला कळावी आणि पाहणाऱ्याला दिसू नये.

सिल्वासाला परतल्यावर मी आमच्या या मुलखाकडे निराळ्या नजरेने पाहू लागले. हा परगणा एकेकाळी पेशव्यांच्या अमलाखाली होता. मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांच्या एका जहाजाचे १७७२ साली नुकसान केले, त्याच्या भरपाईत १७७९ च्या तहान्वये नगर हवेलीचा वसूल पोर्तुगीजांना तोडून देण्यात आला. ज्यांची कीर्ती घोडदळाची, त्यांनी जहाजापायी परगणा द्यावा, हा इतिहासाचा विनोदच म्हणायचा. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. त्या लढ्यात मराठी तरुण पुष्कळ होते, पण घोडेस्वारांचे दिवस तोवर संपले होते. घोडा उरला तो वारल्यांच्या भिंतीवर. लग्नघरी सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक काढतात, त्यात पालघट देवीच्या चित्राजवळ घोडा असतो. दोन त्रिकोणांचे अंग, बारीक रेघांचे पाय; तरी चाल ओळखू येते.

मुलांची मराठी टिकावी म्हणून आपण त्यांना श्लोक पाठ करायला लावतो, म्हणींचे अर्थ घोकून घेतो. ते करावेच. पण मूल जे काम आवडीने शिकत असेल, पोहणे असो, तबला असो की मोटारदुरुस्ती, त्याच्या कुंपणाशी जाऊन बसावे, त्याचे शब्द आधी ऐकून घ्यावेत आणि मग आपले हळूच पुढे करावेत. लगाम ओढून मूल मराठीकडे वळत नाही. तेथेही मांडच लागते.

आता नात फोनवर घोडीची हकिगत सांगते. मध्येच "कँटर" म्हणते, मध्येच "दुडकी". अडखळते अजूनही, पण थांबत नाही.