सोनाराच्या काट्यावर

सातव्या महिन्यात नागोयाहून माहेरी रांझीला आले, तेव्हा माझ्या बॅगेत बाळाच्या कपड्यांपेक्षा सूपचं सामान जास्त होतं. मिसोचा डबा, कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या वाळलेल्या पट्ट्या आणि कात्सुओबुशी, म्हणजे सुकवलेल्या माशाचा रंध्याखालून निघावा तसा पातळ कीस. पहिल्या तीन महिन्यांत भाताच्या वाफेनंही पोट ढवळायचं, तेव्हा या सूपनंच मला तारलं होतं. दोन वर्षांपूर्वी अकराव्या आठवड्यात एक बाळ गेलं होतं. त्यामुळे या खेपेला जे पोटात टिकलं, ते मला औषधच वाटू लागलं.

जपानी सूपचा जीव म्हणजे दाशी. कोंबू पाण्यात भिजवायचा, मंद आचेवर तापवून काढून टाकायचा, मग माशाचा कीस घालून पाणी गाळून घ्यायचं. त्यात मिसो कालवला की सूप तयार. आईला मिसोचं काही वावगं वाटलं नाही. सोयाबीन आंबवून केलेलं म्हटल्यावर ती म्हणाली, "इडलीचं पीठ नाही का आपण आंबवत?" किसाचं पाकीट मात्र तिनं दोन बोटांत धरून परत दिलं. "मासा तेवढा नको गं या स्वयंपाकघरात."

मी ऐकलं. मासा वगळला आणि चव भरून काढायला कोंबू वाढवला. रात्री एक अख्खी पट्टी लिटरभर पाण्यात घालायची आणि दुसऱ्या दिवशी ते पाणी सूपमध्ये, भाजीत, नुसतंच कोमट करूनही प्यायचं. शेजारच्या काकी विचारायच्या, "बिटिया, ये समंदर की घास रोज?" मी अभिमानानं सांगायचे, पूर्ण शाकाहारी आहे, आयोडीन आहे, बाळाच्या मेंदूला चांगलं असतं.

पाच आठवड्यांनी रक्त तपासलं. टीएसएच 2.1 होतं, ते 6.8 झालं होतं. घरात कुणालाच थायरॉइड नव्हता. डॉक्टरांनी आहार विचारला. मी मिठाची, लोणच्याची, चहाची यादी दिली आणि शेवटी सहज कोंबूचं नाव घेतलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"किती?"

"रोज एक पट्टी."

"पट्टी म्हणजे किती?"

मला सांगता आलं नाही. घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबा व्हीकल फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते. 'जोंगा' गाडी तिथं निसानच्या परवान्याखाली बनत असे, त्यामुळे जपानी वस्तूंविषयी त्यांना आधीपासून एक आदर आहे आणि मापाविषयी त्याहून जास्त. स्वयंपाकघरातला काटा इतकं बारीक वजन दाखवेना. बाबांनी एक पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि रांझीच्या बाजारातल्या सोनाराकडे घेऊन गेले. परत आले ते मागच्या कोऱ्या जागेवर आकडा लिहूनच: 14 ग्रॅम.

मग आम्ही तिघं हिशेबाला बसलो. वाळलेल्या कोंबूच्या एका ग्रॅममध्ये साधारण 2 मिलिग्रॅम आयोडीन असतं. भिजवल्यावर त्यातलं बरंचसं पाण्यात उतरतं. गरोदर बाईला दिवसाला 250 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जिथं कोंबू रोजचा आहे, त्या जपाननंही गरोदरपणासाठी कमाल मर्यादा 2 मिलिग्रॅम ठेवली आहे, म्हणजे एका ग्रॅमएवढी. माझ्या पट्टीत 28 मिलिग्रॅम. आपल्या आयोडीनयुक्त मिठात एका ग्रॅमला 15 मायक्रोग्रॅम धरले, तर कोंबूच्या फक्त एका ग्रॅमची बरोबरी करायला सव्वाशे ग्रॅमहून जास्त मीठ खावं लागेल. आई म्हणाली, "म्हणजे तू रोज मिठाची गोणीच रिचवत होतीस की."

डॉक्टरांनी समजावलं होतं ते आता नीट कळलं. आयोडीनचा लोंढा आला की थायरॉइड काम थांबवते. मोठ्या माणसाची ग्रंथी त्यातून सहसा सावरते, पण पोटातल्या बाळाच्या ग्रंथीला ते शेवटच्या आठवड्यांपर्यंत जमत नाही. माझ्या रिपोर्टचं कारण कोंबूच आहे, असं त्यांनी ठामपणे सांगितलं नाही. कोंबू बंद केला, छोटी गोळी सुरू केली आणि चार आठवड्यांनी पुन्हा बोलावलं.

मला बोचलं ते वेगळंच. नागोयात मी रोज पीत होते ती साधी वाटी बिनधोक होती. तिच्यात कोंबू थोडा आणि मासाही होता. बोनिटो तर जपानमध्ये गरोदर बायकांना जपून खायला सांगतात त्या पाऱ्याच्या माशांच्या यादीतही नाही. मी धोका घेतला तो सोवळं सांभाळताना. हे आईला सांगायचं की नाही, यावर दोन दिवस घालवले. सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला आधी विचारायला हवं होतं, किती घालतेस ते. कुठलं काय, तेवढंच विचारत बसले."

दुसऱ्या दिवशी तिनं मुगाचं कढण केलं, गाळलं आणि गॅस बंद करून त्यात एक चमचा मिसो कालवला. मीठ वेगळं घातलं नाही. मिसो सूपच्या एका वाटीत सव्वा ते दीड ग्रॅम मीठ असतं आणि दिवसाची मर्यादा 5 ग्रॅम. म्हणून ज्या दिवशी कढण, त्या दिवशी ताटात लोणचं-पापड नाही, असं बाबांनी ठरवलं. रामेनचं पाणी पूर्ण प्यायलं तर एका वाडग्यातच दिवसाचं मीठ संपतं, हेही त्यांनी मला वाचून दाखवलं. नूडल्स खायच्या आणि पाणी टाकून द्यायचं, हा नियम. वरच्या अंड्याचा बलक मात्र घट्ट शिजलेला हवा.

चार आठवड्यांनी टीएसएच उतरलं. मुलगी झाल्यावर तिसऱ्या दिवशी तिच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेतले. रिपोर्ट येईपर्यंतच्या दिवसांत आईनं तीन वेळा विचारलं, "आला का?" आला तेव्हा बाबांनी चष्मा लावून आकडा दोनदा वाचला, मर्यादेच्या आकड्याशी ताडून पाहिला आणि मगच मान हलवली.

कोंबूच्या उरलेल्या पट्ट्या अजून रांझीच्या फडताळात आहेत. डब्यावर बाबांच्या अक्षरात वजन लिहिलंय.