आक्काबाई आणि वेणाबाईंचे मठ

आमचे गाव पाटण तालुक्यात आहे. जवळच मांड नदीकाठी चाफळ आहे. तिथे समर्थ रामदास स्वामींचा मठ आहे. देऊळ वेगळे आणि मठ वेगळा. मठात शिष्य राहतात, पोथी वाचतात, भजन-कीर्तन करतात. मठ चालवणाऱ्याला मठपती म्हणतात.

समर्थ मूळचे जांब गावचे. ते आता जालना जिल्ह्यात आहे. त्यांनी १६४८ साली चाफळला रामाचे देऊळ बांधले. सातारा, सांगली व कोल्हापूर या भागात त्यांचे अकरा मारुती आहेत. चाफळातच दोन आहेत. बह्याचा मारुती तर कृष्णेच्या मधोमध बेटावर आहे! मी त्यातले चारच पाहिले. मठ मात्र लई लांब लांब होते. कल्याण स्वामींचा मठ डोमगावला, सीना नदीकाठी. भीमस्वामींचा तंजावरला, म्हणजे पार तामिळनाडूत. तिथे तेव्हा मराठ्यांचे राज्य होते.

पण गुरुजींनी सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडली. मिरजेच्या मठावर वेणाबाई होत्या. त्या लहानपणीच विधवा झाल्या होत्या. तरी त्या पोथी वाचायच्या, कीर्तन करायच्या. त्यांनी 'सीतास्वयंवर' हे काव्य लिहिले. आणि १६८२ साली समर्थ सज्जनगडावर गेले, त्यानंतर चाफळ व गडाचा कारभार दिवाकर गोसावी आणि आक्काबाई यांनी पाहिला.

हे घरी सांगितले तर आजी म्हणाली, "बाईमाणूस आन् मठ चालवतंय? काय तरी सांगतीस."

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही एसटीने सज्जनगडला गेलो. पायऱ्या चढून आजीचे गुडघे दुखले. वर दोघींच्या समाध्या आहेत. मी आजीला त्या दाखवल्या. ती तिथे बराच वेळ बसून राहिली. मग म्हणाली, "तवाच्या बायास्नी वाचता येत हुतं. मी अजून अंगठाच लावती."

माझी ताई यंदा सातवी पास झाली. आठवीची शाळा दुसऱ्या गावाला आहे. वाटेत ओढा लागतो. पोरीला एवढ्या लांब धाडायचे नाही, असे आधी आजीच म्हणायची. आता ती काहीच म्हणत नाही. परवा तिने आईला ताईचे दप्तर शिवायला सांगितले. वडील म्हणाले, "ओढ्याचं पाणी उतरू द्या, मग बघू." मी रोज शाळेतून येताना ओढा बघून येते. काल पाणी माझ्या गुडघ्याएवढे होते.