यादी, पण एकाच खणात

बॅशमध्ये एक असोसिएटिव्ह अ‍ॅरे घ्या आणि त्यातल्या एखाद्या किल्लीला कंसातली यादी नेमून पाहा. शेल तिथल्या तिथे सांगतो की अ‍ॅरेच्या घटकाला यादी देता येत नाही. बॅशचे निरोप सहसा इतके सरळ नसतात. किल्ली ही स्ट्रिंग, मूल्य हीही स्ट्रिंग, अ‍ॅरेच्या पोटात अ‍ॅरे नाही. पण माणसाला नेमकं तेच हवं असतं: एका गटातले अनेक युजर, एका सर्व्हरवरच्या अनेक सर्व्हिस, एका चेकसमच्या अनेक फायली. मग जो तो यादी एका स्ट्रिंगमध्ये कोंबतो. कोंबणं सोपं असतं. कोंबलेलं जसंच्या तसं बाहेर काढताना घाम फुटतो.

*

असोसिएटिव्ह अ‍ॅरे बॅशमध्ये आला २००९ च्या फेब्रुवारीत, ४.० आवृत्तीबरोबर. डेव्हिड कॉर्नच्या केएसएच-९३ मध्ये तो नावाप्रमाणे १९९३ पासून होता. सोळा वर्षांचं अंतर. आणि मॅकवर तो अजूनही सरळपणे मिळत नाही: बॅश ४ जीपीएल-३ परवान्याखाली आली, अ‍ॅपलला तो परवाना नको, म्हणून मॅकवरची बॅश ३.२ वर थिजली. २०१९ च्या कॅटलिनापासून तिथे झेडशेल हा मूळ शेल झाला. त्यात असोसिएटिव्ह अ‍ॅरे आहे, पण पोटातली यादी त्यालाही जमत नाही.

*

सगळं काही स्ट्रिंगच असण्याचा हा हट्ट आला कुठून? युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत, १९७९ मध्ये, बोर्न शेल आला आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सही आली. नवा प्रोग्राम सुरू करताना कर्नल त्याच्या हाती काय देतो? स्ट्रिंगांची एक रांग, प्रत्येक स्ट्रिंग 'नाव=मूल्य' अशी. त्या दारातून दुसरं काही आत जाऊच शकत नाही. म्हणून आजही बॅशमधला अ‍ॅरे एक्स्पोर्ट होत नाही. एक्स्पोर्टची खूण त्याला लावता येते, शेल तक्रारही करत नाही, पण चाइल्ड प्रोसेसला काहीच मिळत नाही.

*

मात्र 'नावाखाली यादी' ही रचना युनिक्सला नवी नाही. /ईटीसी/ग्रुप ही फाइल उघडा. प्रत्येक ओळीत विसर्गचिन्हासारख्या कोलनने तोडलेले चार रकाने: गटाचं नाव, पासवर्ड, गटक्रमांक आणि सभासद. चौथ्या रकान्यात स्वल्पविरामाने तोडलेली नावांची यादी. म्हणजे किल्ली गटाचं नाव, मूल्य एक यादी, आणि यादीचा विभाजक बाहेरच्या विभाजकापेक्षा वेगळा. आपण शेलमध्ये धडपडून जे करतो ते इथे किती तरी आधीपासून शांतपणे चालू आहे.

ते चालतं याचं कारण फाइलीच्या मांडणीत नाही, नावांत आहे. युजरच्या नावात कोलन किंवा स्वल्पविराम येऊ दिला जात नाही. विभाजक सुरक्षित आहे, कारण डेटावर बंधन आहे. हे उलटं वाचलं तर सगळ्या प्रकरणाचं सूत्र हाती लागतं: विभाजक निवडणं म्हणजे 'हे चिन्ह माझ्या डेटात कधीही येणार नाही' असा शब्द देणं. शब्द पाळता येईल की नाही हे बॅश बघत नाही.

(या फाइलीतली यादी पूर्ण समजू नये. ज्याचा तो मूळ गट आहे त्या युजरचं नाव तिथे नसलं तरी चालतं. तो दुवा पासवर्ड फाइलीच्या चौथ्या रकान्यात असतो. गटवार सभासद काढणाऱ्या स्क्रिप्टा इथे हमखास अपुऱ्या पडतात.)

*

पाथ हे व्हेरिएबलही एक कोंबलेली यादीच. विभाजक कोलन. म्हणून ज्या डिरेक्टरीच्या नावात कोलन आहे ती पाथमध्ये घालताच येत नाही. एस्केप करायची सोयच ठेवलेली नाही. शिवाय रिकामा घटक म्हणजे 'आत्ता आपण आहोत ती डिरेक्टरी', त्यामुळे शेवटी चुकून राहिलेला एक कोलन सुरक्षेला भोक पाडून जातो. कोंबलेल्या यादीत रिकाम्या घटकाचा अर्थ काय, हे आधीच ठरवून ठेवावं लागतं. न ठरवल्यास दुसरा कोणीतरी ठरवतो.

*

एकसारखे फोटो शोधणारी स्क्रिप्ट हे या विषयाचं आदर्श उदाहरण. प्रत्येक फाइलीचा एसएचए-२५६ चेकसम काढायचा. तो चौसष्ट हेक्स अक्षरांचा असतो, किल्ली म्हणून अगदी निर्धोक. त्या किल्लीखाली फायलींची नावं जमा करत जायची. जिथे एकाहून जास्त नावं, तिथे प्रती सापडल्या.

किल्ली जितकी सोज्वळ, मूल्य तितकंच वांड. युनिक्समध्ये फाइलीच्या नावात स्लॅश आणि शून्य बाइट सोडून काहीही चालतं: स्पेस, स्वल्पविराम, तारा, नवी ओळसुद्धा. 'आजीचा वाढदिवस (२).जेपीजी' हे नाव स्पेसने तोडलेल्या यादीत टाकलं की एका फोटोचे तीन तुकडे झालेच. कोट न लावता ती यादी फॉर-लूपमध्ये सोडली तर शब्द तुटल्यानंतर शेल ताऱ्याचा आणि प्रश्नचिन्हाचा विस्तारही करतो. यादीत नसलेल्या फायली यादीत येऊन बसतात.

मग शून्य बाइट हाच विभाजक घ्यावा. फाइंड, सॉर्ट, एक्सआर्ग्ज सगळे त्याला ओळखतात, बॅशची मॅपफाइल ही कमांडही ४.४ पासून ओळखते. पण तो व्हेरिएबलमध्ये ठेवता येत नाही, कारण आत सगळ्या सी भाषेतल्या स्ट्रिंगा आहेत आणि त्या शून्य बाइटवरच संपतात. जो एकमेव विभाजक कधीच दगा देणार नाही, तोच साठवता येत नाही! पाइपमधून वाहू शकतो, खणात राहू शकत नाही.

एकाच डिरेक्टरीतल्या फायली असतील तर स्लॅश घ्या. नुसत्या नावात तो येऊच शकत नाही. ही युक्ती फार कमी स्क्रिप्टांत दिसते, का कोण जाणे.

*

टॅब विभाजक म्हणून घेऊ नये. स्पेस, टॅब आणि नवी ओळ यांना आयएफएस या शब्द तोडणाऱ्या व्हेरिएबलमध्ये खास वागणूक आहे: लागोपाठ दोन आले तर एकच धरतात. मधला रिकामा घटक गायब. स्वल्पविराम किंवा कोलन असेल तर रिकामा घटक टिकतो, फक्त अगदी शेवटचा गळतो.

*

हिअर-स्ट्रिंग, म्हणजे ते तीन बाणांचं चिन्ह, शेवटी स्वतःची एक नवी ओळ जोडतं. मॅपफाइलला दुसरा विभाजक दिला असेल तर ती ओळ शेवटच्या घटकाला चिकटून आत येते.

*

आस्कीमध्ये २८ ते ३१ ही चार चिन्हं याच कामासाठी राखलेली आहेत: फाइल, ग्रुप, रेकॉर्ड आणि युनिट यांचे विभाजक. कीबोर्डवर ती नाहीत, म्हणून माणसाने टाइप केलेल्या मजकुरात सहसा सापडत नाहीत. ऑक या भाषेने त्यातलं एक उचललं. १९७७ साली आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन यांनी केलेल्या या भाषेत अ‍ॅरे जन्मापासूनच असोसिएटिव्ह आहेत. दोन किल्ल्या स्वल्पविरामाने दिल्या की ती त्या जोडून एकच स्ट्रिंग करते, आणि मध्ये अठ्ठाविसावं चिन्ह घालते. द्विमितीय दिसतं ते खरं एकमितीयच. फसवणूक आहे, पण मॅन्युअलमध्ये उघडपणे सांगितलेली.

बॅशमध्ये एकतिसावं चिन्ह विभाजक म्हणून घेतलं तर व्यवहारात बहुतेक वेळा निभावतं. डीबग करताना मात्र डोळ्यांना काही दिसत नाही. पडद्यावर सगळी नावं एकमेकांना चिकटलेली.

*

माझी स्वतःची पसंती वेगळी. यादी खणात ठेवायचीच नाही, किल्लीच लांबवायची. 'किल्ली,०', 'किल्ली,१', 'किल्ली,२' अशा सुट्या नोंदी करायच्या आणि कोणत्या किल्लीचे किती घटक झाले ते दुसऱ्या अ‍ॅरेत मोजत जायचं. मूल्याला आता विभाजकाचं बंधन नाही. घटक वाटेल तसा असो, नवी ओळ असली तरी चालेल, कारण त्याला कोणी तोडणारच नाही.

किल्लीतच स्वल्पविराम असेल तर? तरीही बिघडत नाही. शेवटच्या स्वल्पविरामापुढे फक्त अंक असतात, म्हणून तोडायचं ते शेवटच्या स्वल्पविरामाशी. बॅशमध्ये त्यासाठी पॅरामीटर एक्स्पान्शनची दोन छोटी रूपं आहेत, बाहेरची कमांड लागत नाही. शिवाय क्रम जपला जातो. असोसिएटिव्ह अ‍ॅरेच्या सगळ्या किल्ल्या मागितल्या तर त्या हॅशच्या लहरीप्रमाणे येतात, भरल्या त्या क्रमाने नाही. इथे शून्यापासून मोजत गेलं की झालं. मधला घटक पुसला तर भोक राहतं, एवढी एक अडचण.

हे करताना एडगर कॉड आठवतो. १९७० सालच्या रिलेशनल मॉडेलवरच्या त्याच्या लेखात कर्मचाऱ्याचं उदाहरण आहे: कर्मचाऱ्याच्या नोंदीच्या पोटात नोकऱ्यांचा इतिहास, त्याच्या पोटात पगारांचा इतिहास, शेजारी मुलांची यादी. कॉड ही पोटं मोकळी करतो. प्रत्येक आतली यादी वेगळा तक्ता होते आणि वरच्या नोंदीची किल्ली खालच्या तक्त्यात उतरते. आपली 'किल्ली,क्रमांक' ही जोडी म्हणजे तेच. बॅशला रिलेशनल सिद्धांताशी काही देणंघेणं नाही, पण त्याच्या तोकडेपणामुळे माणूस आपोआप पहिल्या नॉर्मल फॉर्मला येऊन पोचतो. डेटाबेस शिकवणाऱ्यांनी हा धडा शेलमधून द्यायला हरकत नाही.

*

दुसरी वाट नेमरेफची, बॅश ४.३ पासून, म्हणजे २०१४ पासून. प्रत्येक किल्लीसाठी एक खराखुरा अ‍ॅरे करायचा, असोसिएटिव्ह अ‍ॅरेत फक्त त्याचं नाव ठेवायचं, आणि वापरताना त्या नावाला टोपणनाव द्यायचं. ही खरी यादी असते, तोडातोड नाही. पण व्हेरिएबलच्या नावात इंग्रजी अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर एवढंच चालतं. 'सांगली' ही किल्ली म्हणून ठीक, नाव म्हणून नाही. तेव्हा अ‍ॅरेंना यादी_१, यादी_२ अशी नावं रोमन लिपीत द्यावी लागतात आणि कोणत्या किल्लीची कोणती ते नोंदवावं लागतं. टोपणनाव आणि मूळ नाव एकच पडलं तर शेल वर्तुळात फिरल्याची कुरकुर करतो.

*

डिक्लेअर करताना मोठा ए विसरला, तर बॅश साधा अंकांचा अ‍ॅरे धरतो आणि किल्लीला गणित समजतो. रोमन लिपीत 'सांगली' लिहिलं असेल तर त्या नावाचं व्हेरिएबल शोधतो, सापडत नाही, शून्य मानतो. 'सातारा' पण शून्य. सगळी मूल्यं शून्याच्या खणात एकमेकांवर, तोंडातून चकार शब्द नाही. लिनक्सवर किल्ली देवनागरीत असेल तर मात्र गणित जमत नाही म्हणून लगेच ओरडतो.

*

प्लॅन ९ या ऑपरेटिंग सिस्टिममधला टॉम डफचा आरसी शेल: प्रत्येक व्हेरिएबल ही यादीच. पण यादीत यादी नाही, ठेवली की सपाट होते.

*

सगळं स्ट्रिंग असणं हाच रोग आहे असं म्हणणाऱ्यांनी टीसीएल पाहावी. जॉन ऑस्टरहाउटने १९८८ मध्ये बर्कलीत सुरू केलेली ही भाषा. तिथेही सगळं स्ट्रिंग, तरी यादीत यादी आणि तिच्यात आणखी यादी बिनधोक राहते. कारण यादी लिहायची कशी याचा एकच नियम भाषेने स्वतः ठरवला: घटकात स्पेस असेल तर महिरपी कंस, गरज पडेल तिथे बॅकस्लॅश. यादी बांधणारी कमांड आणि घटक काढणारी कमांड दोघीही तोच नियम पाळतात. बॅशमध्ये हा नियम प्रत्येक स्क्रिप्टलेखक आपापल्या घरी बनवतो. उणीव आहे ती इथे.

*

बॅशकडे तसं काही अगदीच नाही असंही नाही. प्रिंटएफला टक्का-क्यू दिलं की तो कोणताही घटक शेलला परत वाचता येईल असा कोट करून देतो. अशी कोट केलेली यादी खणात ठेवायची आणि इव्हॅलने उलगडायची. चालतं, चोख चालतं, जोवर खणातलं प्रत्येक अक्षर आपणच टक्का-क्यूमधून नेलेलं आहे तोवर. एखादं मूल्य बाहेरून थेट आलं तर ती यादी उरत नाही, कमांड होते.

स्ट्रिंगला पुन्हा कोड करण्याचा धोका किती, हे सप्टेंबर २०१४ मध्ये शेलशॉकने दाखवलं. स्टेफान शाझलास यांना सापडलेली ती चूक. बॅश आपली फंक्शनं एन्व्हायर्नमेंटमधून स्ट्रिंग म्हणून पाठवत असे, पलीकडची बॅश ती वाचताना फंक्शन संपल्यावरही थांबत नसे, पुढे लिहिलेलं चालवून टाकत असे. वेबसर्व्हर एन्व्हायर्नमेंटमध्ये परक्याने पाठवलेला मजकूर भरतो. सुमारे पंचवीस वर्षं हे दार उघडं होतं.

*

ऑकच्या ग्नू आवृत्तीने, म्हणजे गॉकने, ४.० पासून, २०११ मध्ये, अ‍ॅरेत खरा अ‍ॅरे आणला. पर्लने १९९४ मध्ये पाचव्या आवृत्तीत रेफरन्स आणले. गूगलच्या शेल स्टाइल गाइडमध्ये शंभर ओळींच्या पुढे गेलेली स्क्रिप्ट दुसऱ्या भाषेत लिहा असं सांगितलं आहे. मी ओळी मोजत नाही. एका यादीसाठी 'किल्ली,क्रमांक' ठीक. यादीतल्या प्रत्येक घटकाच्या पोटात आणखी काही ठेवायची वेळ आली की पायथन उघडावी. तेव्हाही बॅशमध्येच अडून बसणाऱ्याला मी हुशार म्हणत नाही, हौशी म्हणतो.

*

मराठी किल्ल्यांबद्दल एक. देवनागरी मजकुरात स्वल्पविराम किंवा कोलन विभाजक घेतला तर अक्षरं मध्येच तुटण्याची भीती नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं, आणि त्यातला एकही बाइट आस्कीच्या हद्दीत येत नाही.

किल्ली जुळवताना मात्र शेल बाइट बघतो, अक्षर नाही. 'वाऱ्या'मधला ऱ तीन तऱ्हांनी टाइप होतो: ऱ हे एकच चिन्ह, किंवा साधा र आणि खाली नुक्ता, किंवा र, हलन्त आणि झिरो-विड्थ जॉइनर. पडद्यावर सारखेच, बॅशसाठी तीन किल्ल्या, तीन वेगळ्या याद्या, आणि प्रत्येकीत थोडे थोडे घटक. पहिल्या दोन तऱ्हा आयसीयूच्या यूकॉन्व्ह या कमांडने एनएफसी या युनिकोड रूपात नेल्या की एक होतात. तिसरी त्याने होत नाही. जॉइनर असलेला तो तुकडा सेडने वेगळा बदलावा लागतो, आणि तोही किल्ली अ‍ॅरेत जाण्याआधी.