७९६ सीसीची ओढ

जुनी ऑल्टो घेतली तेव्हा एकच इच्छा होती, चार माणसं बसवून खंबाटकी घाट चढताना गाडीनं दम टाकू नये. काय करावं म्हणून चौकशी केली आणि पुरता गोंधळलो. एकजण म्हणाला, फ्री-फ्लो फिल्टर टाक. दुसरा म्हणाला, हेडर बदल. तिसऱ्याचा आग्रह थेट टर्बोचा. ऐकताना प्रत्येकाचं पटायचं. घरी आल्यावर कशाचा कशाशी मेळ लागायचा नाही.

गुंता सुटायला लागला तो गॅरेजमधल्या काकांच्या प्रश्नानं. बॉनेट उघडत त्यांनी विचारलं, "तुला टॉप स्पीड पाहिजे, पिकअप पाहिजे, की चढाला ओढ?" या गोष्टी वेगवेगळ्या असतात हे मला तेव्हा कळलं. माझ्या ऑल्टोच्या ७९६ सीसी, तीन सिलिंडरच्या इंजिनाची सगळ्यात जास्त ताकद, सुमारे ४६ अश्वशक्ती, ६२०० आरपीएमला मिळते. टॉर्क मात्र सर्वाधिक असतो ३००० च्या आसपास, ६२ न्यूटन-मीटर. घाटात चौथ्या गिअरवर रेटत राहिलं की आरपीएम त्याखाली घसरतात आणि गाडी कण्हायला लागते. वेळेवर तिसरा किंवा दुसरा टाकला की तीच गाडी चढते.

मग काकांनी टॅपेट सेट केले, प्लग आणि एअर फिल्टर बदलले, किंचित धरून राहिलेले ब्रेक मोकळे केले, टायरमध्ये नेमकी हवा भरली. गाडी हलकी पळू लागली. मला तेरा इंची अलॉयचीही हौस होती. काकांनी हिशेब मांडला: मूळच्या १४५/८० आर१२ च्या जागी १५५/७० आर१३ टायर घातला, तर चाकाचा व्यास साधारण दोन टक्के वाढतो आणि ओढ तेवढीच कमी होते. म्हणजे मला हवं त्याच्या नेमकं उलट.

टर्बोचं प्रकरण तर फारच मोठं. सिलिंडरमधला दाब वाढला की नॉकिंगचा धोका येतो. पिस्टन, हेड गॅसकेट, क्लच प्लेट, सगळ्यांवर ताण येतो आणि ईसीयूची जुळणीही नव्यानं करावी लागते. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषतं. जुनं झालं की लवकर उकळतं आणि लांब उतारावर पेडल मऊ पडू शकतं. घाट चढणारी गाडी उतरतेही, याचा विचार ताकद वाढवा म्हणणाऱ्यांपैकी कुणीच केला नव्हता.

माझ्यासारख्या नवख्यांना एवढंच सांगेन: इंजिनात आहे ती ताकद चाकापर्यंत पुरी पोचते का, हे आधी बघा. मग ब्रेक आणि टायर तपासा. नव्या सुट्या भागांवर पैसे घालायचे की नाही, ते त्यानंतर ठरवा.