सातवा ट्रॅक

रेडिओहेडचा 'ओके कंप्युटर' मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला पहिल्यांदा ऐकला, रूम पार्टनरच्या हार्ड डिस्कवरून. बारा ट्रॅक्स. त्यातला सातवा मी कायम पुढे ढकलायचो. 'फिटर हॅपिअर' हे गाणंच नाही. दोन मिनिटांना तीन सेकंद कमी असताना संपतं. त्यात मॅकिंटॉश संगणकातला तयार आवाज आदर्श आयुष्याची यादी वाचतो: व्यायाम, खाणंपिणं, सहकाऱ्यांशी पटवून घेणं, सुरक्षित गाडी.

हा अल्बम १९९७चा. त्याचा बराचसा भाग बाथ शहराजवळच्या सेंट कॅथरिन्स कोर्ट या जुन्या वाड्यात रेकॉर्ड झाला. चौथ्या गाण्यासाठी, 'एक्झिट म्युझिक'साठी, थॉम यॉर्क तिथल्या दगडी जिन्यात गायला. त्या आवाजाला दगडाचा घुमारा आहे. सातव्यातल्या आवाजाला श्वासच नाही.

आता मी पुण्यात ग्राहकसेवेच्या फोनसाठी मराठी यंत्रआवाज बनवणाऱ्या टीममध्ये आहे. 'क्षमस्व'च्या आधी किती मिलिसेकंद थांबायचं, 'कृपया' किती मऊ करायचं, हे माझं काम.

आई गेल्यावर दोन महिन्यांनी बाबांचा सांगलीहून फोन आला. जॉइंट खात्याचं काम होतं.

"बँकेत एक मुलगी आहे, फार सभ्य बोलते. पण तिला कळतच नाही रे. म्हटलं, मिसेस वारल्या आमच्या. तर म्हणते, क्षमस्व, आपला पर्याय समजला नाही. तीनदा सांगितलं."

तो आवाज आमचा होता की दुसऱ्या कुणाचा, हे मी शोधलं नाही. शोधता आलं असतं.

त्या रात्री सातवा ट्रॅक पूर्ण ऐकला. इतकी वर्षं मला वाटायचं, तो यंत्रासारख्या जगणाऱ्या माणसांची टिंगल करतो. पण यादीच्या शेवटी तो आवाज पिंजऱ्यातल्या डुकरापर्यंत येतो, आणि त्याचा सूर जराही बदलत नाही. जिमचं बोलताना जो सूर, तोच पिंजऱ्याचं बोलताना. भीती त्याची आहे. आमचा आवाज त्या मॅकिंटॉशपेक्षा कितीतरी गोड आहे. म्हणूनच बाबांनी त्याला तीनदा सांगितलं. यॉर्कच्या यंत्राला कुणी एकदाही सांगितलं नसतं.

ती मुलगी नाही, हे मी बाबांना अजून सांगितलेलं नाही. एवढंच म्हणालो, "शनिवारी येतो. दोघं जाऊ बँकेत."