रश्श्याचं देणंघेणं

दीप अमावास्या झाली की दुसऱ्या दिवसापासून श्रावण. पण आमच्या घरात पहिल्या आठवड्यात कुणाची काही तक्रार नसते. अळूचं फतफतं होतं, वालाचं बिरडं होतं, मुगाची खिचडी आणि तळलेले पापड होतात. शिवाय अमावास्येपर्यंत इतकं हाणलेलं असतं की जीभच थोडी शरमलेली असते. कुरबुर सुरू होते दुसऱ्या आठवड्यात, आणि तीही रात्री. दुपारचा डबा काहीही भरला तरी निभतो. रात्री माणूस भिजून, लोकलमध्ये चेंगरून घरी येतो, छत्री मोरीत उभी करतो आणि काहीतरी झणझणीत, वाफाळतं मिळेल या आशेनं स्वयंपाकघराकडे नाक करतो. त्याच्यापुढे वरणभात ठेवला तर तो खातो. मुकाट्यानं खातो, आणि तेच सहन होत नाही.

आमचं घर दोन रश्श्यांचं. माझं माहेर मालवणकडचं, सासर कोल्हापूरचं, आणि आम्ही राहतो ठाण्यात. माहेरी वाटण म्हणजे ओला नारळ आणि कांदा कढईत तांबूस होईस्तोवर भाजायचा. सासरी सुकं खोबरं, तीळ, खसखस, आणि वर वर्षाचा कांदा-लसूण मसाला. श्रावण मात्र दोन्हीकडे कडक. गंमत अशी की पश्चिम किनाऱ्यावरची पावसाळी मासेमारीबंदी 31 जुलैला उठते. म्हणजे बहुतेक वर्षी बोटी ताजी मासळी घेऊन धक्क्याला लागतात तेव्हा आम्ही टोपलीकडे न बघता पडवळ घेऊन पुढे सरकत असतो.

मग पर्याय शोधणं आलंच. आणि पर्याय म्हटलं की सगळे एकच विचारतात, मटणाच्या जागी काय घालायचं? फोडींच्या जागी फोडी. बटाटा घाला, फ्लॉवर घाला, मश्रूम घाला. मला हा प्रश्नच चुकीच्या टोकाला धरलेला वाटतो. ताटात उणीव भासते ती फोडींची नाहीच, रश्श्याची. मटण शिजताना रश्श्याला देत असतं. हाडांतून, शिरांतून उतरणारा चिकटपणा देतं, चरबी देतं, त्या चरबीत विरघळलेला मसाल्याचा वास देतं. भाजी याच्या उलट. बटाटा मीठ पितो, वांगं तेल पितं, सोयाच्या वड्या तर मिळेल ते सगळं पितात. तेच वाटण, तेच तिखट, तेवढंच पाणी घेऊन मटणाऐवजी बटाटा सोडला की ताटात येतं ते मसाल्याचं पाणी आणि त्यात बसलेला बटाटा. मसाल्याला दोष देऊन लोक आणखी एक चमचा तिखट घालतात. त्यानं डोळ्यांत पाणी येतं, रश्श्यात अंग येत नाही.

पनीर घालायचा सल्ला सगळ्यात आधी मिळतो. पनीर देतही नाही आणि घेतही नाही. मुंजीला आलेल्या लांबच्या नातेवाइकासारखं एका जागी बसून राहतं. त्याच्याबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे.

तर रश्श्याला देणारं कोण? आपल्याकडच्या बायकांनी याचं उत्तर फार पूर्वी काढून ठेवलंय, फक्त ते मटणाचा पर्याय या नावाखाली कुठे लिहिलेलं नाही. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजते तेव्हा वरचं पाणी, तो कट, कुणी टाकून देत नाही. त्याची आमटी होते, आणि ती पुरणपोळीपेक्षा जास्त भुरकली जाते. खानदेशात डुबुकवड्या करतात. बेसनाचं सैलसर पीठ उकळत्या रश्श्यात बोटांनी सोडायचं. वड्या शिजता शिजता थोडं पीठ रश्श्याला देतात आणि रस्सा आपोआप दाट होतो. विदर्भातली पाटवडी मात्र घेणारी आहे. बेसन आधी शिजवून, ताटात थापून, वड्या कापून ठेवायच्या आणि रस्सा वाढताना त्यात घालायच्या. आधी घालून ठेवल्या तर त्या फुगतात आणि रस्सा आटतो. शेवभाजीचंही तसंच, शेव पानात पडायच्या वेळी. डुबुकवड्या आणि पाटवडी दोन्ही बेसनाच्याच, पण पहिल्यांचा रस्सा पातळ धरावा लागतो आणि दुसरीचा अंगापिंडानं आधीच भरलेला असावा लागतो. हे एकदा ध्यानात आलं की कुठलीही पाककृती हातात धरून तिच्यात फिरवाफिरव करता येते.

जपानी माणसालाही हाच प्रश्न पडला होता. कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाचा नुसता कढ, त्यात मांस नाही, मासा नाही, तरी तोंडात भरतो कसा? टोकियोच्या किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञानं 1908 साली त्या कढातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. पिकल्या टोमॅटोत ते असतं, अळंब्यांत असतं. म्हणून टोमॅटो नुसता चिरून टाकण्यापेक्षा वाटणाबरोबर तेलात पार आटवला की श्रावणातल्या रश्श्याला आधार मिळतो. सासरच्या पद्धतीत टोमॅटोला फारसा मान नाही. मी तो घालते, आणि दिसू नये इतका आटवते.

माझा सगळ्यात भरवशाचा गडी म्हणजे काळा वाटाणा. सिंधुदुर्गात लग्नकार्याला, पूजेला काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे असतात. हेच वडे एरवी कोंबडीबरोबर जातात आणि त्यांना कोंबडीवडे म्हणतात, पण वड्यांना स्वतःला कोंबडीशी काही देणंघेणं नाही. वाटाणे आदल्या रात्री भिजत घालायचे, सकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधायचे आणि संध्याकाळी कुकरला लावायचे. शिजल्यावरचं ते काळपट, मळकट दिसणारं पाणी हीच सगळी दौलत. त्यातले मूठभर वाटाणे वाटणाबरोबर वाटून घेतले की रस्सा असा मिळून येतो की पानावर भाताभोवती वळसा घालून थांबतो. माझी आई दर वेळी फोनवर बजावते, “आधी वाटाणे शिजांदेत, मगे सोलां घाल.” यात नुसती रीत नाही, शास्त्र आहे. आंबटात कडधान्य शिजत नाही. कोकम आधी पडलं तर वाटाणा कितीही शिट्ट्या झाल्या तरी दाताखाली टणक राहतो. माशाच्या कालवणात कोकम आधी घातलं तरी बिघडत नाही, उलट आंबटानं मासा घट्ट राहतो, फुटत नाही. म्हणजे माशाची कृती वाटाण्यावर जशीच्या तशी चालवता येत नाही. जिन्नस बदलला की त्यामागची क्रमवारी बदलते, आणि ती कागदावर लिहिलेली नसते.

सुरणाचं आणखी तिसरंच. सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांसारख्या कण्या असतात, त्या घशाला टोचतात आणि खाज सुटते. इथे आंबट आधीच हवं. काप करून चिंचेच्या किंवा कोकमाच्या पाण्यात वाफवायचे, मग तिखट, हळद, हिंग लावून, रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर मंद आंचेवर सोडायचे. मासा तव्यावर पाच-सात मिनिटांत होतो, सुरणाला तेवढ्यात काही कळलेलंही नसतं. घाई केली तर रवा करपतो आणि आत सुरण कच्चा. पावसाळ्यात नीरफणस मिळाला तर मी सुरण बाजूला ठेवते. नीरफणसाचा काप बाहेरून कुरकुरीत आणि आतून लोण्यासारखा होतो, आणि तो खाताना कुणाला सुरमई आठवली तरी कुणी सुरमईचं नाव काढत नाही.

माशाच्या कालवणात मला खरं आठवतं ते तिरफळ. बांगड्याच्या तिखल्याचा वास म्हणून जो नाकात बसलाय, त्यातला निम्मा तरी तिरफळांचा आहे. गोव्यातल्या खतखत्यात तिरफळं घालतात, आणि त्यात तर नुसत्या भाज्याच असतात. म्हणून कच्च्या केळ्याच्या जाड फोडी मीठ-हळदीच्या पाण्यात अर्ध्या शिजवून घेते, ओल्या नारळाचं, लाल मिरचीचं, धण्याचं वाटण लावते, कोकम टाकते आणि गॅस बंद करायच्या आधी बिया काढलेली तिरफळं ठेचून सोडते. तिरफळ वाटणात वाटायचं नाही, कडू होतं. केळ्याच्या जागी मक्याच्या कणसाचे तुकडेही चालतात, आणि मुलांना ते चोखायला आवडतात. हाडूक चोखण्याची हौस अशीही भागते.

फणसाबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. कोवळ्या फणसाची कुयरी मटणासारखी लागते असं सगळे म्हणतात. परदेशातल्या माझ्या भाच्याला तो मिठाच्या पाण्यात डबाबंद मिळतो, आणि त्याचे तिकडचे मित्र पावात घालून खातात. रेषा सुटतात, रंग चढतो, सगळं खरं. पण शंभर ग्रॅम फणसात तीन ग्रॅमसुद्धा प्रथिनं नसतात, आणि दुसरं म्हणजे आपल्याकडे कुयरी मिळते होळीच्या आसपास. श्रावणात हाती असतात त्या वाळवून ठेवलेल्या आठळ्या. त्या भाजून, सोलून, वाटणात घातल्या तर पिठूळ गोडवा येतो, आणि फणसाशी एवढं नातं मला पुरतं. कुयरीचं सुकं मी चैत्रात करते, मोहरी वाटून, तेव्हा तिनं मटण व्हावं अशी तिच्यावर सक्ती नसते.

सोयाच्या वड्या आमच्याकडे नावडत्या होत्या, कारण त्यांना कुणी नीट वागवलंच नव्हतं. सुक्या वड्यांच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग प्रथिनंच असतो. पोराच्या डब्याला याहून स्वस्त काही नाही, आणि लातूर-वाशीमकडे तर सोयाबीनची शेतंच्या शेतं. पण वड्या नुसत्या रश्श्यात टाकल्या की त्या कच्चट वासासकट फुगतात आणि वरून रस्सा पिऊन बसतात. त्यांना आधी मिठाच्या पाण्यात उकळायचं, घट्ट पिळायचं, गार पाण्यातून काढून पुन्हा पिळायचं. मग आलं-लसूण, हळद, मीठ, लिंबू चोळून बाजूला ठेवायचं आणि तेलात कडा तांबूस होईस्तोवर परतायचं. पोट आधीच भरलेलं असलं की त्या रश्श्यावर तुटून पडत नाहीत. खिम्यासाठी बारीक दाणे घेते. खिम्याला स्वतःची चरबी असते, सोयाला नाही, म्हणून कांदा नेहमीच्या दुप्पट घेते आणि अर्धा तास परतते. थोडी भिजवलेली चणाडाळ आणि मटारही टाकते. पावाबरोबर हा खिमा वाढला की थोरला बोटं चाटतो. धाकटा वाटीत शोधून शोधून फक्त मटार खातो.

तर्रीचा प्रश्न सासऱ्यांचा. ते कोल्हापूरहून श्रावणातच इकडे येतात, का ते विचारू नये. रश्श्यावर लाल तवंग नसला तर त्यांच्या लेखी तो रस्सा नव्हे, आमटी. मटणाची चरबी आपसूक वर येते, इथे ती तेलानं आणावी लागते. तिखटाचा रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो. म्हणून वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, सुटलेलं थोडं तेल वाटीत काढून ठेवायचं आणि वाढताना वरून सोडायचं. सुक्या खोबऱ्यात 60 टक्क्यांहून जास्त तेल असतं, ते नीट भाजलं तर बाटलीतलं तेल कमी लागतं. पाटवडीच्या रश्श्यावर असा तवंग बघून सासरे म्हणाले, “रस्सा झ्याक झालाय, पोरी. आता पांढरा कधी करतीस?”

सोमवारी कांदा-लसूणही नसतो, तेव्हा हिंग, तीळ आणि आलं यांच्यावर निभावते. ठीक होतं. त्यापलीकडे त्याची स्तुती करवत नाही.

पांढऱ्या रश्श्यानं मात्र मला अजून दाद दिलेली नाही. तांबडा लपवाछपवी करू देतो, त्यात तिखट आहे, भाजलेलं खोबरं आहे. पांढऱ्यात लपायला जागा नाही. मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, काजू-तीळ-खसखशीची गंधासारखी पेस्ट, दालचिनी, लवंग, मिरी, एवढाच त्याचा संसार, आणि त्यातलं अळणी काढून घेतलं की उरतं ते मसालेदार नारळाचं दूध. चांगलं लागतं, पण तो पांढरा रस्सा नव्हे. कोबीचा दांडा, फ्लॉवरचे देठ, कांदा आणि अख्खे मिरे तासभर उकळून गाळून घेतले, तर एक हलका गोडवा आला. अळंब्यांचे देठ त्यात घातले तेव्हा चव भरली, पण रंग राखाडी झाला, आणि सासऱ्यांनी वाटी उजेडाकडे धरून बघितली. हरभऱ्याच्या डाळीचा कट घातला तर पिवळा पडतो. नारळाचं दूध शेवटी घालून जेमतेम गरम करायचं, उकळी आली की ते फुटतं, इतपत शिस्त आता हातात बसली आहे. हाडांचा जो ओठांना चिकटणारा गुण आहे, तो कुठून आणायचा?

परवा जेवता जेवता सासऱ्यांनीच तोड सुचवली. पांढरे वाटाणे घे, म्हणाले, साल काढून मऊ शिजव, वस्त्रगाळ कर आणि ते पाणी वापर. पाकशास्त्रात त्यांचा हात चहापलीकडे गेलेला नाही, पण सूचना बरोबर दिशेची आहे. वाटाण्याचं पाणी दाट असतं, आणि सालीशिवाय रंग कदाचित फिकट राहील. वाटाण्याचा वास मारायला चमचाभर तुपात लवंग-वेलची परतून घ्यावी लागेल. श्रावणाचा अजून एक शनिवार हातात आहे. शुक्रवारी रात्री वाटाणे भिजत घालायचे, आणि साली काढायला सासऱ्यांना बसवायचं.